पिवळ्या रेषेच्या आत

सकाळी सहाला हिरवी टोपी चढवतो,
कमरेला चिठ्ठ्यांची पिशवी बांधतो,
आणि आमागासाकीच्या या सपाट गावात,
जिथे चढ म्हणून काय तो रेल्वेच्या पुलाचा,
सायकली सरळ करत फिरतो.
वय बहात्तर. महिन्याला दहा दिवस काम.
त्याआधी चाळीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात.
तिथेही रांगाच.

लोकांना वाटतं, सायकल म्हणजे मोकळा जीव,
हँडल वळेल तिकडे वाट.
तसं नसतं.
डावी कड धरायची.
एका हाती छत्री, एका हाती हँडल, हे चालायचं नाही.
संध्याकाळी दिवा लावायचा,
आपल्याला दिसावं म्हणून नव्हे,
आपण दिसावं म्हणून.
ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो,
तेव्हा मनाला आधी सांगून ठेवायचं.
मागच्या सीटवर मूल सोडून पाऊलभरही हलायचं नाही;
झोपलेलं मूल एका बाजूला कलतं,
सायकलला तेवढं निमित्त पुरतं.
आणि फूटपाथवर पुढे म्हातारं माणूस असेल
तर घंटी नाही.
उतरायचं. त्याच्या चालीनं चालायचं.
घंटी ही संकटासाठी,
"बाजूला व्हा"साठी नव्हे.
शाळेतली पोरं हे ऐकून मान डोलावतात,
आणि कोपऱ्यावरून लगेच ट्रिंग ट्रिंग.

इस्पितळासमोर पिवळी रेष आहे.
बाहेर लावली की चिठ्ठी.
तिसऱ्या चिठ्ठीला ट्रक,
मग कालव्यापलीकडे जा, येन मोजा, सोडवून आणा.

एक सायकल रोज बाहेर.
विटकरी, पुढे वेताची टोपली,
टोपलीत कोबीचं सुकलेलं पान.
रोज मी चिठ्ठी बांधायचो.
रोज ती बाई (त्सुबोई, हे नाव नंतर कळलं)
चिठ्ठी सोडून, घडी घालून
पर्समध्ये ठेवायची, पावतीसारखी.
"आत जागा आहे," मी म्हणायचो.
"आतून काढायला वेळ लागतो.
पाचव्या मजल्यावर जेवण साडेअकराला येतं,
मी नसले तर तो झाकणसुद्धा उघडत नाही."
"नियम आहे," मी म्हणायचो.
"आहे ना," ती म्हणायची.
उद्या पुन्हा बाहेर.

मग एका मंगळवारी सायकल तिथेच राहिली.
बुधवारीही. टोपलीत पावसाचं पाणी,
एक चिठ्ठी ओली, एक कोरडी.
गुरुवारी तिसरी माझ्या हातात.
ट्रक दोनला येतो.

मागचं चाक कुलपात, म्हणून मागून उचलली
आणि पुढच्या चाकावर ढकलत नेली.
दहा पावलं. दहाच.
कंबर अजून मोजून दाखवते.
रेषेच्या आत, भिंतीकडेला,
दोन निळ्या शाळकरी सायकलींच्या मध्ये.
टोपली उपडी केली.
पंप हाताशी होता, म्हणून हवाही भरली.
वहीत त्या दिवशी लिहिलं : निरंक.

शनिवारी ती आली.
रेषेबाहेरच्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली.
सांत्वनाचे दोन शब्द मी
तीन दिवस तोंडात घोळवून ठेवले होते.
"माझ्या सायकलीला हात कोणी लावला?"
चारचौघांत कडाडली.
"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये,
हा नियम नाही का त्या टोपीखाली?"

नवऱ्याला घरी सोडलं होतं.
तो टॅक्सीने गेला, ती त्याच्यासोबत,
आणि मग त्याने तिला जागची हलू दिली नाही.
एवढंच झालं होतं.

मी कंबर सांभाळून वाकलो. चुकलो म्हणालो.
तिने अंगठ्याने टायर दाबला.
पुन्हा दाबला.
माझ्याकडे न बघता पर्स उघडली,
घडी घातलेल्या चिठ्ठ्यांचा, रबर लावलेला
जाडसर गठ्ठा माझ्या हातावर ठेवला.
"मागून कोऱ्या आहेत. हिशेबाला होतील."

आणि डावी कड धरून निघाली.
पुलाच्या अलीकडे फूटपाथवर चढली,
पुढे एक म्हातारा, काठी टेकत, अगदी मधोमध.
ती उतरली. मागे मागे चालत राहिली.
मी बघतोय हे तिला ठाऊक असावं.

रेषेबाहेर तोवर कुणीतरी
लाल स्कूटर लावून गेलं होतं.