फक्की

हिंदुराव सासन्यांनी सतरा वर्षं
कोल्हापूरची फुटबॉल लीग चालवली,
एका लुनावर, एका जाड वहीवर.
दोन पेठा भिडल्या, विटा उडल्या,
तेव्हा मधल्या रेषेवर खुर्ची टाकून बसले:
"आधी मला हाणा, मग खेळा."

फायनलला पेनल्टी मी बाहेर मारली,
दीड हजार घेऊन.
माझं नाव त्यांनीच खोडलं, कायमचं.
शाई वाळेस्तोवर फुंकर घालत राहिले.
त्या साली भाऊबीजेला
आईनं त्यांना ओवाळलं नाही.

आता स्टेडियमात त्यांच्या नावाची पाटी आहे,
एक काना गळालेली.
परवा टपरीवर कोण म्हणालं,
"सासन्यानं खेळ वाचवला, भावा."
मी चहा संपवला.

सामन्यादिवशी पहाटे फक्की मारायला मीच असतो.
मधली रेषा आली
की हात आपसूक वळसा घेतो,
खुर्चीएवढा.