रूढीचा पुरावा

नागपुरात समुद्र नाही.
शून्य मैलाच्या दगडापासून जवळचा किनारा
एक अख्खी रात्र आणि डब्यातल्या सहा पोळ्या एवढा लांब.
तरी या सेमिस्टरला मी
दुपारभर जहाजांवर असते.

कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतायच्या,
खस भिजेपर्यंत थांबायचं,
मग झेरॉक्स उघडायची.
रविनगरच्या दुकानातली, चार पानं तिरकी,
एकावर दुकानदाराचा अंगठा छापून आलेला.
कुठे रात्री दोन जहाजं धडकलेली,
आठ माणसं बुडालेली, आणि वाद एवढाच
की खटला कुणी चालवायचा.
कुठे सामुद्रधुनीत सुरुंग.
कुठे एका बेटासाठी दोन देश
जुने नकाशे काढून बसलेले.
बेटावरच्या माणसांना कुणी विचारलं का,
ते मी शोधते.
पेन्सिलने समासात रेघ मारून ठेवते.

मोटघरे सर म्हणतात, निकाल पाठ करू नका,
न्यायाधीश कोणकोणत्या पेटाऱ्यात हात घालतो ते बघा:
तह, फर्मानं, आरमाराची पत्रं, मेलेल्या पंडितांची मतं.
"राज्यं वागतात कशी, हे एक.
तसं वागायला आपण बांधलेले आहोत असं त्यांना वाटतं का, हे दुसरं.
दोन्ही सापडलं तर रूढी.
नाहीतर नुसती सवय."

परवा वाचत होते दोन मासेमारी होड्यांची केस.
क्यूबाचा किनारा, अठराशे अठ्ठ्याण्णव.
एका होडीत तीन माणसं, चाळीस क्विंटल जिवंत मासे,
आणि युद्ध सुरू झाल्याची बातमी
त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही.
त्या तिघांसाठी न्यायालय मागे मागे जातं,
जवळजवळ पाचशे वर्षं,
इंग्लंडच्या एका राजाने दर्यासारंगांना धाडलेल्या हुकमापर्यंत:
मासे धरणाऱ्यांना हात लावू नका.

बाबा अंबाझरीवरून आले तेव्हा साडेनऊ वाजलेले.
जाळं दोरीवर टाकलं. अंगाला शेवाळाचा वास.
मी विचारलं, आषाढात जाळं काहून नाही टाकत तुम्ही?
"नसते टाकत."
सोसायटीचा नियम आहे?
"सोसायटी तं आत्ता आली."
अन् कोणी पाहत नसन तर?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी ताटात चप्पल ठेवल्यासारखं.
"अंड्यावर रायते त्या. नसते टाकत, सांगतलं ना तुले."

दोन्ही.
एका दमात दोन्ही.

ट्यूटोरियलमध्ये मी ते लिहिलं.
सरांनी लाल पेनाने गोल केला
आणि बाजूला एकच शब्द: स्रोत?

चुकले नाहीत ते.
तळटीप मलाही येते: खंड, वर्ष, पान.
बाबांना खंड नाही. वर्ष आहे,
तेही आधार कार्डावर अंदाजे टाकलेलं.

रविवारी त्यांना केस सांगितली, आपल्या बोलीत.
क्यूबा कुठे, ते विचारलं नाही.
होडी केवढी, ते विचारलं.
राजाच्या हुकमाला मान हलवली, "बराबर हाय",
जणू तो राजा तेलंगखेडीकडचा.
मी म्हटलं, जिंकले ते. पैसे परत भेटले,
वरून नुकसानभरपाई.

"अन् मासोळ्या?"

मी पानं उलटली. तिरकी चारही पाहिली.
चाळीस क्विंटल, जिवंत,
एवढं आहे.
पुढचं माझ्या झेरॉक्सात नाही.

"पाय ना चांगलं," बाबा म्हणाले,
जाळ्याची गाठ दातांनी सोडवत.
"असन लिवलेलं कुठीतरी."