पाव गोळी

कणकवलीच्या डॉक्टरने सांगितलं,
पाव गोळी, दोन वेळा.
पाव म्हणजे केवढी?
सुरीखालून उडाली ती गॅसच्या मागे.
दुसरीचा भुगाच झाला.

तिसरी पेडव्याच्या पोटात लपवली.
मोरीने पेडवा खाल्ला काट्यासकट
आणि गोळी ठेवली लादीवर,
चाटून स्वच्छ.

मग टॉवेल. मग गुडघे.
जबडा उघडला तर आत
तांदळाच्या कण्यांएवढे दात
आणि एवढ्याशा जिवाचा
केवढा तो राग.

गळा चोळत बसले. गिळ गो, गिळ.
आनंदवाडीच्या जेटीला ट्रॉलर लागला,
तारामतीने दोनदा हाक मारली.
उठले नाही.

गिळली.

संध्याकाळी बांगड्यांना मीठ लावताना
मनगट चरचरलं, तीन ठिकाणी.
तेव्हा आठवलं,
दुसरी वेळ.