मतदान अधिकारी क्रमांक दोन

आदेशावर माझं नाव होतं, खाली गोल शिक्का,
आणि न आल्यास काय होईल ते ठळक अक्षरांत.
प्रणिता गंभीर कोळी, कनिष्ठ लिपिक, पाटबंधारे, सावदा.
आई म्हणाली, तुलेच काहून? ऑफिसातले पुरुष कुठी गेले?
बाबा काही बोलले नाहीत.
त्यांनी कागद उलटा धरला होता.

फैजपूरच्या हॉलमध्ये तीनशे जण, चार पंखे.
यंत्राला घाबरू नका, माणसांना घाबरा,
असं प्रशिक्षक म्हणाले तेव्हा सगळे हसले.
मी वहीत लिहून घेतलं.
कंट्रोल युनिट, हिरवी कागदी मोहोर,
लाख, मेणबत्ती, काडेपेटी, सुतळी.
शाईची बाटली कलंडू नये म्हणून वाटीभर वाळू,
ती मात्र तुमची तुम्ही.
मेमधली सुकी नदी. रुमालात बांधून आणली.

मोहझिरी म्हणजे बस जिथे वळते
त्याच्याही पुढं दोन किलोमीटर, मग सातपुडाच.
अंगणवाडीच्या नसीमाबाईंनी शाळेत
कळण्याच्या भाकरी आणून दिल्या, ठेचा दिला.
केंद्राध्यक्ष भिरूड सर रात्रभर पाणी पीत राहिले
आणि यंत्राच्या पेटीवर हात ठेवूनच झोपले.
पहाटे पन्नास खोटी मतं टाकली, मोजली, पुसली.
सातला दार उघडलं.

मग बोटं आली.
मान वर करायला वेळ नव्हता,
डावी तर्जनी दिसली की माणूस आला असं समजायचं.
मेंदीची, वाकडी, बिडीनं पिवळी,
थरथरणारी (तिला मी धरून ठेवलं),
एक तर मुळातूनच नव्हती, विळ्यानं गेलेली;
म्हातारा म्हणाला, आता?
मी शेजारचं बोट घेतलं.

सव्वाअकराला सायराबी तडवी, अनुक्रमांक चारशे बारा.
खिडकीजवळचा एजंट उठला:
हिचं नख आधीच काळं आहे, सर. टाकून आली कुठूनतरी.
तिनं हात टेबलावर ठेवला होता,
दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा.
नख खरंच काळं होतं.

बाबा कापणीवरून यायचे, घड वाहून.
केळीचा चीक ओला असतो तेव्हा नुसतं पाणी, दिसतच नाही.
दुसऱ्या दिवशी तपकिरी. मग काळा.
राखेनं घासा, रॉकेलनं घासा.
मला उचलून घेतलं होतं एकदा तसंच,
फ्रॉकच्या पाठीवर चार बोटं उमटली.
पुढं त्या फ्रॉकचं फडकं झालं, तरी बोटं होती.

क्रमांक दोननं बोलायचं नसतं.
मी म्हणाले, सर, चीक आहे.
तुम्हाला काय माहीत?
शाई नखाच्या कडेला जांभळी चमकते, सर. हे मातट आहे.
आणि शाई आपण एकाच बोटाला लावतो.
हिची दहाही बघा.

सरांनी दहाही बघितली.
एजंटनं उगाच स्वतःची बघितली, आणि बसला.
सायराबी म्हणाली, बाई, जल्दी करा, ट्रक भरायचा पडलाय.

मी काळ्यावर रेघ ओढली. दिसली नाही.
पुन्हा ओढली, नखाच्या खाली,
कातडीवर, थोडी जागा होती तिथं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना
ड्यूटीच्या प्रमाणपत्रावर माझं मत.
माझ्या बोटाला मीच शाई लावली.
नियमात बसतं का, सर म्हणाले. मग म्हणाले, बसू द्या.

रात्री रावेरला, सामान जमा करायच्या रांगेत
सर सांगत गेले, मी दैनंदिनी भरत गेले.
पुरुष इतके. स्त्रिया इतक्या. आक्षेपित मतं शून्य.
विशेष घटना?
सर थांबले. मोबाइलचा उजेड माझ्या हातावर होता.
निरंक, ते म्हणाले.
मी निरंक लिहिलं.
शेजारी अंगठ्याचा जांभळा डाग पडला, तो तसाच गेला.

खिडकीवरच्या माणसानं एकेक वस्तूवर टिक केली.
वाळूची वाटी परत सरकवली.
ही यादीत नाही, म्हणाला.