एक काना

डिचोलीत मामलेदार कचेरीसमोर, एका दुकानाच्या ओट्यावर
माझं टेबल आणि जुनं मराठी टाइपरायटर.
एका अर्जाचे साठ रुपये.
वाक्य रचण्याचे वेगळे घेत नाही.

वाक्य रचायला आपा शेट्यांनी शिकवलं.
म्हणायचे, साहेब जेवून आलेला असतो,
डोळ्यांवर हुमणाची सुस्ती.
पहिल्याच ओळीत मागणं दिसलं तर कागद बाजूला सारील.
क्रियापद लांब ने.
सारमानसची फेरीबोट बघ:
माणूस आत चढला, दोर सुटला,
की मधल्या पाण्यात उतरता येत नाही,
पलीकडचं 'मिळावे' लागेपर्यंत उभं राहावंच लागतं.

चाळीस वर्षं मी बोटी सोडल्या.
ज्याअर्थी. त्याअर्थी. सदरहू. उपरोक्त.
कोणी बुडालं नाही,
फारसं कोणी पोचलंही नाही.

मग कारापूरची द्रौपदी माजीक आली,
मुंडकाराच्या घराची गोष्ट घेऊन.
मी टाइप केलं: 'सदर घराची पश्चिमेकडील भिंत
दिनांक नऊ रोजी पडली असून...'
तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "पडूंक ना ती. पाडली."

खोडलं. 'पाडण्यात आली.'

ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली.
मग म्हणाली, "आनी पाडपी खंय गेलो?"

खरंच, कुठे गेला?
मी कागद उजेडाकडे धरला.
अख्खा पुरुषभर माणूस,
पहारीसकट, जीपसकट, सोबतच्या चार पोरांसकट,
एवढ्याशा 'ण्यात'मध्ये मावला होता.
असे किती जण मी आजवर तिथे बसवले,
पंखा लावून, पाणी देऊन.

पडली. पाडली.
मध्ये एक काना.
माझ्या मशीनवर तीच कळ सगळ्यांत झिजलेली,
जोर लावला तरच उमटते.

मी नवा कागद घातला.
ती बोलत गेली:
माझ्या सासऱ्यान माती तुडवली.
माझ्या घोवान नळे शाकारले.
माझ्या हातांनी जमीन सारयली.
आपांनी दोन 'माझ्या' उडवले असते.
मी तिन्ही ठेवले, एकाखाली एक.
त्याखाली:
भिंत विश्वंभर भाटकाराने पाडली.
आणि पुढची ओळ कोरी सोडली.

(ओटा विश्वंभर भाटकाराचा आहे
हे या कवितेत आधीच सांगायला हवं होतं.
सवय. लांब नेलं.)

साहेब वाचत होते तेव्हा मी खिडकीशी होतो.
पहिल्या 'माझ्या'ला काही झालं नाही.
दुसऱ्याला चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.
तिसऱ्याला त्यांनी पंख्याच्या वाऱ्याने उडू बघणारा कागद
तळव्याने दाबून धरला.
भाटकाराचं वाक्य एका दमात संपलं,
पण त्याखालची कोरी ओळ
ते कितीतरी वेळ वाचत होते.

मग तारीख पडली. नोव्हेंबरातली.
पायऱ्या उतरताना द्रौपदीने विचारलं,
"पडली, काय पाडली?"
आणि हसली, तंबाखूने काळे झालेले दात दाखवून.
मी पैसे घेतले नाहीत. तिने तरी
दोन नारळ टेबलावर ठेवलेच.

सोमवारी माझं टेबल ओट्यावरून हलवण्यात आलं.

आता चिंचेखाली बसतो.