पदरची माणसं

मुत्राहच्या धक्क्यावर क्रूझ लागली
की मी क्लिपबोर्ड घेऊन उभा. अकरा वर्षं.
कुठून आलात, किती रात्री राहणार,
लोबान घेतला का, पुन्हा याल का.
गळ्यातल्या कार्डावर: मुकादम, सर्वेक्षण.

यंदा यंत्राने
सहाशे पर्यटक तयार करून दिले.
उन्हाळ्यातले खरे कमी पडले, म्हणून खोगीरभरती.
थुरय्याने यादी माझ्यापुढे सरकवली.
तुम्ही माणसं पाहिलीत, म्हणाली, ही वाचून सांगा.

वाचली. गुणी माणसं.
कुणाच्या टाचेला फोड नाही,
कुणी नवऱ्याशी भांडून आलेलं नाही,
‘इतर’च्या चौकोनात एकाचीही खूण नाही.
मला कासरगोडचा तो आठवला,
बाप याच बंदरात हमाल होता, म्हणून आलेला.
येण्याचं कारण विचारलं, त्याने ‘इतर’वर खूण केली.
खर्च विचारला तर हसला.

मग एकशे बाराव्या ओळीवर
हॅम्बुर्गची बाई, त्रेसष्ट, निवृत्त.
करक चहा आवडला. तीन कप.
हिला मी ओळखतो.

एका ऑगस्टात धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.
टपरीत पंख्याखाली बसून
मी एकोणीस फॉर्म भरले, पदरचे.
हॅम्बुर्ग भिंतीवरच्या कॅलेंडरातून घेतलं.
तीन कप चहा माझा होता.

यंत्र त्यावरच शिकलं.
तिला चौतीस लेकी झाल्या,
सगळ्या करक पिणाऱ्या,
आणि त्यांच्यासाठी नकाशावर
सहा नवे स्टॉल आखून झालेत.

थुरय्याला सांगितलं. ती ओरडली नाही.
यादीत एक रकाना वाढवला:
विचारलेले की बनवलेले.
मग म्हणाली, तुमचे एकोणीस कुठे लिहू?
यंत्राने आपलं बनवलेलं लपवलं नव्हतं,
हे ती बोलली नाही. मीच मनात बोललो.
महिना आठवत होता, तारखा नाहीत.
त्या ऑगस्टचे सगळे फॉर्म काढावे लागले,
खऱ्यांचेसुद्धा.
कासरगोडवाला त्यातच होता.

काल पुन्हा धक्क्यावर. चार तासांत एकच बाई,
सँडल हातात घेऊन सावलीसावलीने आलेली.
चहा घेतलात? नको, फार गोड असतो.
पुन्हा याल का?
तिने बुरुजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आधी स्वच्छतागृह कुठे ते सांगा.

दाखवलं.
उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.