उलटी तिरकी रेघ

जिन्नाप्पाकाकांनी वखारीचे फोल्डर केले,
गावागणिक एक, सगळी नावं लहान लिपीत,
आत तंबाखूच्या वजनचिठ्ठ्या महिन्यावार.
मी इथं टिळकवाडीत बसून प्रोग्रॅम लिहिला,
दर रात्री गावोगाव फिरून बेरीज आणेल असा.
पहिल्याच रात्री तो म्हणाला: निपाणी सापडत नाही.

फोन लावला. काका निपाणीतच, वखारीत.
"गाव हाय तिथंच हाय की.
मी त्यातच बसलोय. तुझ्या यंत्राला का दिसंना?"

मग पत्ता पडद्यावर छापून बघितला.
डी, दोन टिंबं, आणि ओळ संपली.
खालच्या ओळीत नुसतंच 'इपाणी'.
उलट्या तिरक्या रेघेपुढं एन आला
की यंत्र त्याला अक्षर मानत नाही,
नव्या ओळीचा हुकूम समजतं.

म्हणून एकेक गाव छापत गेले.
रायबाग ओळीच्या तोंडाशी परत पळालं
आणि ड्राइव्हच्याच डोक्यावर बसलं.
बेळगावनं मागची दोन टिंबं खाल्ली.
बेळगाव लिहा, बेळगावी लिहा,
स्पेलिंगवरून किती भांडायचं ते भांडा,
बी तोच, मागचं पुसणारच.
उगारचं नाव घेतलं तर प्रोग्रॅम जागचा हलेना.
चिकोडी, हुक्केरी, खानापूर धड राहिले,
त्यांचं काय पुण्य होतं ठाऊक नाही.
आणि अथणी.
रात्री सव्वाअकराला, रिकाम्या खोलीत
अथणीनं घंटा वाजवली.
दचकले. परत छापलं. परत टिंग.

इलाज एवढासाच:
अवतरणाच्या आधी एक आर.
म्हणजे यंत्राला बजावायचं, कच्चं वाच,
अर्थ लावत बसू नको.

सकाळी काकांना सांगितलं. बराच वेळ गप्प.
"म्हंजे आमच्या चोपडीसारखंच की.
पानाच्या डोक्यावर आधी श्री,
मग आकडं. त्याबगर मालक वही हातात घेत न्हवता."
आणि लगेच, "फेब्रुवारीच्या चिठ्ठ्या गावल्या का?"
गावल्या. तीनशे बारा.
त्यातली एक उगारची, निपाणीत पडलेली.

सगळ्या ओळी दुरुस्त केल्या.
अथणीची तेवढी एक चुकीची ओळ
वेगळ्या फाइलीत ठेवलीय, आर न लावता.
घरात फारच सामसूम झाली
की चालवते.